लॉबस्टर चार हजारांचा, पाणी ऐंशी हजारांचं

पिरंगुटहून समुद्र गाठायचा तर ताम्हिणी उतरावा लागतो. तोच समुद्र हॉलमध्ये आणायचा असेल तर आधी कागद-पेन्सिल घ्या. रीफ लॉबस्टर, म्हणजे जांभळ्या-केशरी रंगाचा, दहा-बारा सेंटिमीटरचा प्राणी, तीन ते पाच हजारांत मिळतो. कोकणातल्या शेवंडीला नांग्या नसतात, याला असतात. दुकानदार त्याचाच भाव सांगतो. खरा खर्च पाण्याचा.

एका लॉबस्टरला दीडशे लिटरचा टँक पुरे. सम्प (खालची गाळणीची टाकी) आणि स्टँडसह वीस हजार, फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर आठ, पंप आणि वेव्हमेकर पाच, दगड-वाळू सहा, टेस्ट किट आणि खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर पाच. दर दुकानागणिक हलतात, तरी अंदाज चुकणार नाही. दगड सुका किंवा कृत्रिमच घ्या. प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत; ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातला तुकडा स्वस्तात कुणी देत असेल तर हात जोडा.

आता आपल्याकडची अडचण. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी इथे चालत नाही, स्वयंपाकघरातल्या आरओचंही नाही. उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय काडतुसाचा वेगळा आरओ लागतो, सहा हजारांचा. तो एक लिटर देताना साधारण तीन लिटर नाल्यात सोडतो. टँक पहिल्यांदा भरताना साडेचारशे लिटर गेलेच. ते बादलीत धरून झाडांना, फरशीला वापरा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीला सव्वापाच किलो. पुढे पंधरा दिवसांनी तीस लिटर पाणी बदललं की एक किलो. किलोला तीन-चारशे रुपये धरा. खायचं मीठ नव्हे, मत्स्यालयाचं!

पाणी २४ ते २७ अंशांत हवं. मेमध्ये ते तिशी सहज ओलांडतं, म्हणून चिलर, पंचवीस-तीस हजार. सगळे पंप-दिवे मिळून ७० वॅट धरले तर महिन्याला ५० युनिट, उन्हाळ्यात चिलरमुळे दुप्पट. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर टाका. चिलरचा भार त्याला झेपणार नाही.

टँक भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच प्राणी आणा. पिशवीतलं पाणी एकदम ओतू नका, नळीने थेंब-थेंब टँकचं पाणी सोडा. रात्री चिमट्याने कोळंबीचा तुकडा गुहेच्या तोंडाशी धरला की आधी लांब मिशा हलतात, मग नांगी पुढे येते. सोबत छोटे मासे नकोत, झोपेत पकडले जातात. दुसरा लॉबस्टरही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधात बहुधा तांबं असतं. त्याने हा मरतो. झाकण घट्ट ठेवा.

एखाद्या सकाळी तो आडवा, पोकळ, मिशांसकट मेलेला दिसेल. घाबरू नका, ते टाकलेलं कवच आहे. काढून फेकू नका, तो ते खातो. मऊ अंगाचा मालक मागे दगडात लपलेला असतो, दोन-चार दिवस त्याला छेडू नका.

दिवसा तो फारसा दिसत नाही. लॉबस्टर बघायला पाहुणे बोलवायचे असतील तर रात्री दहानंतरचंच आमंत्रण द्या.