सिकलसेल आणि घरची शुश्रूषा

आजारी माणसाची जागा दवाखान्यात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु काही आजारांत मुलाचे बहुतेक दिवस घरीच जातात आणि त्याचे जगणे घरच्यांच्या दक्षतेवर अवलंबून असते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आदिवासी व अन्य काही समाजांत आढळणारा सिकलसेल हा त्यांपैकीच एक. माझ्या धाकट्या भावाला तो आहे, म्हणून हा विषय मी अभ्यासासाठी निवडला.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत त्याची प्रथम नोंद झाली. निरोगी तांबडी पेशी गोल व लवचीक असून सुमारे १२० दिवस टिकते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते, १० ते २० दिवसांत नष्ट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रक्तक्षय व हाडांतील असह्य वेदना यामुळेच उद्भवतात.

अंगातले पाणी कमी होणे, थंडी, ताप व अतिश्रम ही वेदनांची निमित्ते होत. म्हणून पौषातल्या पहाटे कापूस वेचायला निघण्यापूर्वी आई भावाला स्वेटर व कानटोपी घालते, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सीयुरिया या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच द्यायच्या. ताप १०१ अंशांवर गेला तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठायचा.

लहान मुलांच्या पाणथरीत कधी एकाएकी रक्त साचते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. जमैका बेटावर डॉ. ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना पोट चाचपून वाढलेली पाणथरी ओळखायला शिकवले, आणि असे मृत्यू पुष्कळ घटले. आमच्या आईला हे नर्सबाईंनी शिकवले. आई निरक्षर आहे. पण एका रात्री भावाच्या डाव्या बरगडीखाली तिच्या बोटांना कडक गोळा लागला. उजाडण्याची वाट न पाहता तिने त्याला दवाखान्यात नेले. रक्त दिल्यावर तो वाचला.

शाळेत मात्र वारंवार पाणी पिणे, लघवीला जाणे आणि खेळाच्या तासाला बसून राहणे हा कामचुकारपणा ठरला. या आजारात मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवी जास्त होते, हे तेथे कोणाला ठाऊक नव्हते. उन्हात उभे राहण्याची शिक्षा झाली. त्या रात्री भाऊ पाय धरून रडत होता. आईने महिनोन्महिने जपलेले एका तासात वाया गेले.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती बहुधा धडधाकट दिसते, म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झाला आहे.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गातले एखादे मूल पुन्हा पुन्हा पाण्यासाठी उठले, तर रागावण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा विचारपूस करावी, एवढीच विनंती.