पंधरा दिवसांच्या पाहुणीस

धामणगाव रेल्वे

प्रिय भाचीस,



मंडळीच्या तरुण संघातून पंधरा दिवसांसाठी केनियाला जाणाऱ्यांत तुझं नाव आहे हे कळल्यापासून आजी खूश आहे आणि काळजीतही आहे. घरात बॅग कोणती घ्यायची यावर रोज खल चालतो. तिथं जाऊन करायचं काय, यावर मात्र अजून कोणी बोललेलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक आकडा. 2019 च्या जनगणनेनुसार केनियात शंभरातले ऐंशीहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात 2011 साली ते शंभरात जेमतेम एक भरले. येशूचं नाव जिथं घरोघरी आहे, तिथं वऱ्हाडातली लहानशी तुकडी चालली आहे. तिथं जाऊन कोणी गुरुजीचा आव आणला तर हसंच होईल. बोलावणं तिथल्या मंडळीचं आहे, तेव्हा कामही तीच ठरवणार. शाळेची भिंत रंगवायला सांगितली तर भिंत रंगवावी, चुलीपाशी मक्याच्या पिठाची उगाली घोटायला सांगितली तर ती घोटावी. जाणाऱ्यानं पाहुणा म्हणून जावं, जावई म्हणून जाऊ नये.

मराठी मुलखातून धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांत वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नाव फार जुनं. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांच्या हाताखाली शिकून तो जपानला गेला, पुढे व्यापारात पडला आणि त्या सगळ्या वर्षांत जपानी भाषा पक्की शिकला. मग मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात आला. 1593 मध्ये त्या संघाचे लोक जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्याला सोबत नेण्यात आलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर मारण्यात आलं. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच्या मरणाची गोष्ट सगळे सांगतात. जपानच्या त्या तुकडीत त्याला जागा मिळाली ती मात्र भाषेमुळे.

पंधरा दिवसांत स्वाहिली येणार नाही. पण वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, आभार मानताना ‘आसांते’ म्हणायचं, उपासनेत कोणी ‘ब्वाना असिफिवे’ म्हटलं की ‘आमेन’ म्हणायचं, एवढं तरी निघण्याआधी जिभेवर बसलं पाहिजे. पाहुण्याच्या तोंडून आपल्या भाषेतला एक शब्द ऐकला की माणसं कशी खुलतात, हे धामणगावकरांना सांगायला नको. यवतमाळला जायला सोयीचं स्टेशन आपलंच. 1953 ते 1983 अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती. मग ती पुण्यात बिबवेवाडीला गेली. त्या काळात दूरदूरच्या प्रांतांतले विद्यार्थी या भागात येऊन राहिले, शिकले आणि आपापल्या मुलखात परतले.

अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. मराठी शिकला, मराठीत बोलला, मराठीत लिहिता झाला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. मायदेशी परतलाच नाही. तेरा वर्षं देणाऱ्याचं काम आणि पंधरा दिवस देणाऱ्याचं काम एका मापानं मोजता येत नाही. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यानं आपलं माप ओळखून असावं. तिथलं काम आपण पोहोचण्याआधी चालू होतं आणि आपण परतल्यावरही चालू राहणार आहे.

हे भान सुटलं की काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला. मदतीला गेलेल्या दहा अमेरिकी बॅप्टिस्टांनी 33 मुलांना अनाथ समजून सीमेपलीकडे न्यायचा घाट घातला आणि ते पकडले गेले. पुढे कळलं की त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत होते. युगांडात जिंजा इथं वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी तरुणीनं कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं. आपली मुलं तिथल्या उपचारांत दगावली, असं म्हणत दोन आयांनी 2019 मध्ये कोर्ट गाठलं. आरोप मान्य न करता 2020 मध्ये तडजोड झाली. दोन्ही ठिकाणी माणसं भल्या हेतूनंच गेली होती. म्हणून नियम सरळ ठेवावा: जे काम धामणगावात करायची आपल्याला परवानगी नाही, ते केनियातही करायचं नाही. इथं इंजेक्शन देता येत नसेल तर तिथंही सुईला हात लावू नये. आईबापांना विचारल्याशिवाय कोणाच्या लेकराचा फोटो काढू नये, आणि काढलाच तर मोबाइलवर स्टेटस म्हणून तर मुळीच लावू नये.

आता कागदपत्रांचं. केनियानं 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली आहे. त्या अर्जात प्रवासाचा जो हेतू लिहिला जाईल, तिथं गेल्यावर तेवढंच करावं. आपल्या देशात 2020 साली तबलिगी जमातीच्या कार्यक्रमाला पर्यटक व्हिसावर आलेल्या 960 परदेशी नागरिकांना केंद्र सरकारनं काळ्या यादीत टाकलं होतं. परवाना एका कामाचा आणि प्रत्यक्ष काम दुसरंच, हे कुठल्याच सरकारला चालत नाही.

पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावी लागते. लशीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड एकदा मिळालं की जन्मभर चालतं. केनियाहून परतताना ते जवळ नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवावं, शेजाऱ्याला विचारून नाही.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून आजीनं बॅगेतून स्वेटर काढून ठेवला आहे. तो परत ठेवावा. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच आहे, आपल्या चिखलदऱ्याहूनही बऱ्याच वर. जून-जुलैत तिथं थंडी असते. चिवडा, चटण्या, पापड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नयेत. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. ‘गरिबांना वाटायला’ म्हणून जुन्या कपड्यांची गाठोडीही नेऊ नयेत. जुन्या कपड्यांचा बाजार तिथं आधीच मोठा आहे, त्याला मितुंबा म्हणतात. आपल्या गाठोड्यानं कोणाचं अंग झाकलं जाणार नाही, फक्त विमानाचं भाडं वाढेल.

न्यायचंच असेल तर गाणं न्यावं. शेजारच्या तालुक्यातल्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. खंजिरी आणि भजन ही त्यांची ओळख. आपल्याकडे ‘उपासना संगीत’ आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेत. इंग्रजी कोरस नैरोबीतले तरुण आपल्यापेक्षा कितीतरी छान म्हणतात. टाळ धरून मराठी अभंगाच्या चालीवर येशूचं भजन मात्र त्यांनी ऐकलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. टाळाचा जोड बॅगेत नक्की ठेवावा आणि चाल आधी पाळकसाहेबांकडून पक्की करून घ्यावी.

शेवटी पैसा. या प्रवासाचा खर्च मंडळीतल्या कापूस-सोयाबीनवाल्यांनी आणि पेन्शनीवाल्यांनी वर्गणी काढून उभा केला आहे. भारतातून बाहेर जाताना जवळ 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय नोटा ठेवता येतात. बाकी रकमेचं अधिकृत ठिकाणाहून परकीय चलन घ्यावं आणि पावती जपावी. तिथल्या कोणी प्रेमानं ‘तुमच्या चर्चसाठी’ म्हणून पाकीट पुढं केलं तर नम्रपणे नाही म्हणावं. 2010 च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही. तुझ्या पर्समधून आलेल्या शंभर डॉलरांमुळे अख्खी मंडळी अडचणीत येईल.

परत आल्यावर पहिल्या रविवारी तुम्हा सगळ्यांना उपासनेत उभं करतील. साक्ष द्यायला सगळेच उतावीळ असतील, फोटो दाखवायची घाई असेल. तू आधी जमाखर्चाचा कागद वाच. कोणत्या कामाला किती पैसे गेले, किती उरले आणि उरलेले कोणाच्या हवाली केले, हे पैशासकट सांग. साक्ष त्यानंतर दे.

तुझा,
मामा