नऊ फुटांचं अंतराळयान आणि गुणोत्तराचा तास



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दुकानात तयार थर्माकोलची मॉडेल्स लटकू लागतात. मीही एकदा तसंच एक विकत आणलं होतं. परीक्षकांनी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, "यातलं तू काय केलंस?" तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर आजही डोळ्यांसमोर आहे. म्हणून यंदा सातवीच्या वर्गाला सांगितलं, विकत काही आणायचं नाही, शून्यातून करायचं.

विषय निवडला '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ सालच्या चित्रपटातलं 'डिस्कव्हरी' यान. तेव्हा संगणकावर दृश्यं तयार करायची सोय नव्हती. दिग्दर्शक स्टॅन्ले कुब्रिक यांनी इंग्लंडमध्ये या यानाचं तब्बल ५४ फूट लांब मॉडेल बनवून घेतलं. पुढचा गोल ६ फूट व्यासाचा. मुलांना मी एवढेच दोन आकडे दिले. भागाकार झाला, उत्तर आलं ९:१. म्हणजे गोल १ फुटाचा, तर यान ९ फुटांचं.

इथेच गंमत झाली. मुलांनी ९ फुटांचा इलेक्ट्रिकचा पाइप कापला आणि मग पुढे गोल लावून बघितला. यान झालं १० फुटांचं! "सर, गोल पण लांबीतच धरायचा होता ना?" एका मुलीच्या लक्षात आलं. मागच्या इंजिनाचा खोका १ फुटाचा, म्हणून पाइप हवा ७ फूट. फळ्यावर दहा उदाहरणं सोडवून जे कळलं नसतं ते एका चुकीच्या कापाने कळलं. (पाइपचा उरलेला तुकडा मी जपून ठेवलाय.)

गोलासाठी फुगा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे आणि मैद्याची खळ, असे चार थर. फुगा किती फुगवायचा? दोरा गुंडाळून परीघ मोजला, व्यास १२ इंच तर परीघ साधारण ३७.७ इंच. हा उद्योग पावसाळ्यात करू नका. आम्ही केला, चार दिवस गोल वाळेना आणि वर्गात आंबूस वास सुटला. एका पालकांनी प्रेमाने प्लॅस्टिकचा गुळगुळीत चेंडू पाठवला. मुलांनी तो मैदानावर खेळायला नेला.

एकटा पाइप मध्ये वाकत होता. तीन पाइप त्रिकोणात बांधले तेव्हा ताठ झाला. पाइप झाकायला काड्यापेट्या, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप, बाटल्यांची झाकणं, बंद रिमोटची बटणं चिकटवली. मधल्या अँटेनाला कागदी द्रोण. बारीकसारीक तपशील जितके जास्त, तितकी वस्तू डोळ्याला मोठी भासते. चित्रपटातली मॉडेल्स करणारे कारागीरही बाजारातल्या खेळण्यांच्या किटमधले सुटे भाग असेच वापरायचे.

"याला पंख का नाहीत?" हा प्रश्न येणारच, येऊ द्या. अवकाशात हवा नाही, मग पंखांचा उपयोग काय? खरं तर अणुइंजिनाची उष्णता बाहेर टाकायला मोठे पत्रे लागले असते. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील म्हणून गाळले, असं लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी लिहून ठेवलंय. आणि यान इतकं लांब का, तर अणुइंजिन माणसांपासून दूर राहावं म्हणून.

छताला टांगताना गोलाची बाजू खाली गेली. सी-सॉचा धडा आठवून मुलांनी इंजिनाच्या खोक्यात वाळू भरली, मूठ मूठ टाकत, यान आडवं होईपर्यंत.

शेवटी खिडक्या बंद करून एकाच बाजूने टॉर्च मारला. अवकाशात प्रकाश पसरवायला हवा नसते, म्हणून सावल्या काळ्याकुट्ट पडतात. तसंच दिसलं. मागच्या बाकावरचा एरवी गप्प बसणारा मुलगा खालून बघत म्हणाला, "सर, ते झाकण मी लावलंय."