मतदारसंघाचा भागाकार

मतदारसंघ आखणे हा माझ्या मते आधी भागाकार आहे, राजकारण नंतर! 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 9.69 कोटी भरली. विधानसभेच्या जागा गोठवलेल्या, 288. भागा. एका आमदारामागे सुमारे 3.36 लाख माणसे. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने याच हिशेबाने नकाशा नव्याने आखला आणि 2009 ची निवडणूक त्यावर झाली.

एकूण आकडा तोच, म्हणजे एकाची वाढ ती दुसऱ्याची घट. ठाणे जिल्हा 13 वरून 24 वर गेला, सिंधुदुर्ग 4 वरून 3 वर आला. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही मतदारसंघांची नावेच गेली.

आणि हो, जनगणना आपल्याला होस्टेलवर मोजते, गावी नाही. आपण बाहेर पडतो तेव्हा विधानसभेतले गावाचे वजनही थोडे सोबत घेऊन निघतो.