राष्ट्रीय स्पर्धा आणि संघनिवड : दुर्मिळ जागांच्या वाटपाचा एक धडा

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात त्या देशाची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा पार पडली. महिला एकेरीत ग्रेसी गोल्ड पहिली, पोलिना एडमंड्स दुसरी, मिराई नागासू तिसरी, तर अ‍ॅश्ली वॅग्नर चौथी आली. सोची येथील हिवाळी ऑलिम्पिकसाठी या प्रकारात अमेरिकेला तीन जागा उपलब्ध होत्या. प्रत्यक्षात जाहीर झालेल्या संघात नागासूचे नाव नव्हते. तिसरी जागा वॅग्नरला देण्यात आली होती. मैदानावर मिळवलेले स्थान समितीच्या बैठकीत हिरावले गेले, अशी भावना अनेकांनी व्यक्त केली. हा प्रसंग केवळ क्रीडारसिकांच्या चर्चेचा नाही. इच्छुक अनेक आणि जागा मोजक्या असताना वाटप कोणत्या तत्त्वावर व्हावे, हा अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

जागा देशाची, खेळाडूची नव्हे

कोणत्या देशाला किती जागा मिळाव्यात, हे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या नियमांनी ठरते. एका प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा मिळतात. ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षीची जागतिक स्पर्धा ही त्यासाठी मुख्य कसोटी असते. तेथे एकाहून अधिक खेळाडू उतरवणाऱ्या देशाच्या पहिल्या दोन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज केली जाते. ती १३ किंवा त्याहून कमी असल्यास तीन जागांचा हक्क निर्माण होतो. १४ ते २८ असल्यास दोन जागांचा. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत वॅग्नर पाचवी आणि गोल्ड सहावी आली होती. बेरीज ११ झाली आणि अमेरिकेच्या तीन जागा निश्चित झाल्या. म्हणजे ज्या तिसऱ्या जागेवरून वाद झाला, ती मिळवण्यात वॅग्नरचा थेट वाटा होता.

तथापि, अशा रीतीने मिळालेली जागा देशाच्या खाती जमा होते. २०१७ मध्ये पुरुष गटात नेथन चेन सहावा आणि जेसन ब्राउन सातवा आल्याने बेरीज बरोबर १३ झाली. परंतु २०१८ च्या ऑलिम्पिक संघात ब्राउनला स्थान मिळाले नाही. श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, असे येथे घडू शकते.

शिडी आणि तिची मर्यादा

अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा १९१४ पासूनची आहे. तेथे पोहोचण्यासाठी बहुतेक खेळाडूंना खालच्या स्तरांवरील पात्रता स्पर्धांची शिडी चढावी लागते. काही नामवंतांना मात्र थेट प्रवेश मिळतो. या शिडीचा गुण असा, की अपरिचित खेळाडूलाही वर येण्याची वाट मोकळी राहते. मग अंतिम निवडही याच निकालावर का सोडू नये?

याचे उत्तर एकाच दिवसाच्या कामगिरीतील अनिश्चिततेत आहे. बर्फावरील एका घसरणीने वर्षभराची तयारी झाकोळली जाऊ शकते. जानेवारी १९९४ मध्ये नॅन्सी केरिगन हिच्यावर राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर हल्ला झाला आणि तिला भागच घेता आला नाही. तरीही तिला संघात घेण्यात आले आणि त्या ऑलिम्पिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले. स्पर्धेत दुसरी आलेली तेरा वर्षांची मिशेल क्वान राखीव राहिली. केवळ निकालावर विसंबणारी पद्धत अशा प्रसंगी दुबळी ठरते.

विवेकाधिकाराची किंमत

उलटपक्षी, समितीच्या हाती विवेकाधिकार दिला की ओळखीच्या चेहऱ्यांना झुकते माप मिळण्याचा धोका निर्माण होतो. त्यावर अमेरिकी संघटनेने काढलेला मार्ग असा : राष्ट्रीय स्पर्धेबरोबरच मागील काळातील प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकालही विचारात घ्यायचे आणि हे निकष आधी जाहीर करायचे. २०१८ मध्ये पुरुष गटात दुसरा आलेला रॉस मायनर वगळला गेला आणि चौथा आलेला अ‍ॅडम रिप्पन संघात आला. त्याच वर्षी महिला गटात मात्र पहिल्या तिघींचीच निवड झाली. नागासू दुसरी आली होती. चौथी आलेली वॅग्नर या वेळी घरी राहिली.

निवड योग्य होती का, हे नंतरच्या यशावरून सिद्ध होत नाही. सोचीत वॅग्नर सातवी आली आणि सांघिक कांस्यपदकात सहभागी झाली. पण तिच्या जागी नागासू असती तर काय घडले असते, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच निर्णयाची कसोटी फळापेक्षा प्रक्रियेवर लावणे अधिक न्याय्य ठरते.

भारतासाठी बोध

हा प्रश्न भारताला अपरिचित नाही. २०१५ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक जिंकून मुंबईत घडलेल्या नरसिंग यादवने रिओ ऑलिम्पिकसाठी देशाला ७४ किलो गटातील जागा मिळवून दिली. त्या जागेसाठी चाचणी व्हावी, अशी मागणी करत सुशीलकुमार यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २०१६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. जागा मिळवणाऱ्याचा हक्क मोठा, की ऐन वेळच्या तयारीचा? बोस्टनमधील वादाचे मर्मही याहून फार वेगळे नव्हते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडाविषयक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

परंतु तंटा सोडवण्यापेक्षा तो उद्भवू न देणे अधिक हितावह. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : निकष हंगामापूर्वी लेखी जाहीर व्हावेत, क्रमवारी डावलल्यास त्याची कारणे नोंदवली जावीत आणि दाद मागण्याची मुदत संघ रवाना होण्यापूर्वीची असावी. पराभव खेळाडू पचवू शकतो. कारण न सांगता झालेली वगळणूक पचवणे कठीण असते. ज्या व्यवस्थेत नाकारला गेलेला उमेदवारही नियम मान्य करतो, त्याच व्यवस्थेत पुढच्या पिढीतील मुले पहाटे उठून सरावाला जाण्यास तयार होतात. शिष्यवृत्ती असो, नोकरभरती असो वा राष्ट्रीय संघ, दुर्मिळ संधींच्या वाटपात विश्वास हेच सर्वांत मोठे भांडवल असते.