नऊवारी, फेटा आणि पाहुण्यांची वाट

नांदेडला गोदावरीच्या बंदाघाटावर दिवाळी पहाट रंगते. जिल्हा प्रशासन, महापालिका आणि गुरुद्वारा बोर्ड मिळून ती करतात. मुदखेडहून तिथे स्वागताला जाणाऱ्या, किंवा गावच्याच पटांगणात अशी मैफल ठरवणाऱ्या मुलामुलींसाठी हे चार शब्द.

एक गोष्ट आधी पक्की करा. नऊवारी नेसून वा फेटा बांधून उभं राहायचं ते फोटोसाठी नाही. अंधारात, गर्दीत कुणाला विचारावं हे पाहुण्याला लांबून कळावं, म्हणून तो पोशाख. तेव्हा विचारलेल्याचं उत्तर तुमच्यापाशी हवंच. आदल्या संध्याकाळी सगळी जागा पायी फिरा. गाड्या कुठे लागतात, पाणी कुठे, बायकांचं स्वच्छतागृह कुठे, गुडघे धरलेल्या आजीला कमी पायऱ्यांची वाट कोणती, हे डोळ्यांनी बघून ठेवा. संयोजकांपैकी एकाचा फोन नंबर पाठ असू द्या.

पोशाख काम करता येईल असाच निवडा. आठवडाभर आधी एकदा नेसून जिने चढा-उतरा, खाली वाकून खुर्ची उचला. काष्टा सुटत असेल तर तो तेव्हाच कळतो. घाटावर पणत्यांच्या ओळी असतात, म्हणून साडी सुतीच बरी आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. पिना जास्तीच्या ठेवा. फेटा कपाळावर आवळू नका, तासाभरात डोकं ठणकायला लागतं. पायात कोल्हापुरी शोभते खरी, पण ओल्या दगडावर घसरते. पकड असलेली साधी चप्पल घाला. नदीकाठी पहाटे गारठा असतो, शाल जवळ हवी. तांड्यावरच्या मुलींनी आपली फेटिया-काचळी अभिमानाने घालावी. दुसऱ्यांनी मात्र ती हौसेखातर मागून घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुलांची काळजी मुदखेडकरांना सांगायला नको. आपला तालुकाच फुलशेतीचा. काकड्याचे गजरे आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळा, गुलाब मात्र पाकळ्या न करता सुटेच न्या. पाकळ्या रात्रीतून काळ्या पडतात.

आता स्वागताचं. दारात हळदी-कुंकवाचं तबक ठेवू नका. एखाद्या विधवा मावशी ते पाहूनच बाजूने निघून जातात, आणि सणाच्या पहाटे त्यांना तसं जावं लागणं मला सहन होत नाही. फूल आणि अत्तर ठेवा. येणाऱ्या प्रत्येक बाईला, प्रत्येक पुरुषाला तेच द्या. गंध लावण्याआधी आणि अत्तर हातावर टेकवण्याआधीही "लावू का?" असं विचारा. अत्तराच्या वासाने काहींना दम लागतो. शीख पाहुण्यांच्या पगडीवर फेटा बांधायला जाऊ नका. हात जोडून "सत श्री अकाल" म्हटलं की झालं. बाकी "या मामा, या अक्का, इकडून सावकाश" एवढं पुरतं. नांदेडच्या गर्दीत हिंदी, दखनी, तेलुगू सगळं कानावर येतं. ज्याला जी भाषा कळते तिच्यात वाट सांगणारा एकेक जण प्रत्येक दारावर नेमा.

एक जण बोलेल, दुसरा पाहुण्यांना जागेवर पोचवेल, तिसरा दार सोडणार नाही, अशी वाटणी करा. तासाने अदलाबदल करा, उभ्या माणसाला चहा पाजा. गाणं सुरू झालं की उशिरा आलेल्यांना कडेलाच थांबवा. रचना संपून टाळ्या वाजल्या की आत सोडा. आलाप चालू असताना रांगेतून वाट काढणारा स्वयंसेवक गायकाचाही अपमान करतो आणि श्रोत्याचाही.

कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. खास दिवसांची सवलत संयोजकांनी घेतलेली नसेल तर सुरुवातीचा अर्धा तास वाया गेला की शेवटची भैरवी जाते. म्हणून लोकांना लवकर बसवणं हे तुमचंच काम.

शेवटी सगळे पांगले की गजरे, पाकळ्या, कागदी कप वेचा आणि गोणीत भरा. ओली फुलं खताला द्या. गोदावरीत एक पाकळीही टाकू नका.