दहाच्या आधीचा मेसेज

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला आमच्याकडे सगळं गाव ‘मेजर’ म्हणतं, मग तो शिपाई म्हणून आलेला असो की हवालदार. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ही रीतच आहे. आता ज्याला गाव मेजर म्हणतं, त्याला बँकेच्या काउंटरवर बसायची धास्ती वाटते, हे त्यानं सांगायचं कुणाला? घरात सांगावं तर बायको म्हणणार, ‘अहो, बॉर्डरवर राहून आलात ना तुम्ही?’ मित्रांना सांगावं तर ते हसणार. म्हणून हे दुखणं बहुतेकांच्या पोटातच राहतं.

दरवर्षी सुमारे ६०,००० जवान निवृत्त होतात आणि त्यातले बरेचसे चाळिशीच्या आगेमागे असतात. पोरं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. दुसरी नोकरी करावीच लागते. सरकारी बँकांत लिपिकाच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. त्याच वाटेनं मी एका तालुक्याच्या गावी शाखेत लागलो. फौजेत मी सिग्नलला होतो. रेडिओ सेटवर काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, कधी थांबायचं, सगळं ठरलेलं. समोरच्या माणसाशी बोलतानाही त्याच्या खांद्यावरची पट्टी बघितली की ‘साहेब’ म्हणायचं की नाव घ्यायचं ते कळतं. काउंटरवर कुणाच्याच खांद्यावर काही नसतं.

नोटा मोजायला मशीन असतं; पण फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट हातानंच बाजूला काढावी लागते. रांगेतल्या दहा-बारा डोळ्यांच्या जोड्या आपल्या बोटांकडे लागल्यात असं एकदा मनात आलं की बोटं थरथरलीच म्हणून समजा. कान तापतात, घसा कोरडा पडतो, पुढच्या माणसाचं नाव नीट वाचता येत नाही. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर लोटतात, तेव्हा तर विचारू नका. डॉक्टर याला सोशल अँक्झायटी म्हणतात. माणसं आपल्याला बघून आपल्याबद्दल काय ठरवतील, याची ही भीती असते. फटाक्याच्या आवाजानं दचकणं, जुन्या प्रसंगांची स्वप्नं पडणं, हे दुखणं वेगळं. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. आपल्याला कोणतं आहे ते आपण ठरवू नये. मला माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर केलं, तुम्हीही त्या वाटेनं जा. कॅन्टीनच्या बाटलीत यावर उपाय नाही. रात्री दोन पेग घेतले की उद्याच्या रांगेचा विचार थांबतो खरा, पण सकाळी हात जास्तच कापतात. मग पेग वाढतात.

आता मेसेजचं. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी तिरंगा, गुलाब आणि ‘फौजी कधी डरत नाही’. एकदा मी तिथं लिहिलं, काउंटरवर बसवत नाही, नोकरी सोडावी म्हणतो. उत्तरादाखल चार अंगठे, दोन हसरे चेहरे आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका. दोष कुणाचाच नाही. ग्रुप म्हणजे भरलेला पार. तिथं कण्हणं कुणाला ऐकू येत नाही. उलट, ज्याला चारचौघांचीच भीती त्यानं शंभर जणांसमोर आपली भीती लिहायची, हे जरा जास्तच झालं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी ग्रुपवर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो मेसेज आमच्या एका जुन्या साहेबांनी वाचला. ते माझ्या आधी पाच-सहा वर्षं पेन्शनवर आलेले, आमचेच नायब सुभेदार. त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मला एकट्याला साधा मेसेज आला : ‘उद्या सव्वानऊला विचारीन, निघालास का. हो किंवा नाही, एवढंच लिही.’ फोन केला नाही हे बरं केलं. त्या दिवसांत फोन वाजला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

तिथून आमचं सुरू झालं. सकाळी एक काम यायचं आणि तेही चिमूटभर. ‘आज पहिल्या ग्राहकाला तू आधी नमस्कार कर.’ मी लिहायचो, ‘रॉजर.’ सेटवरचा शब्द, त्यामुळे लिहायला लाज वाटायची नाही. संध्याकाळी विचारणा यायची : ‘काय झालं ते लिही. कसं वाटलं ते नको.’ ही साहेबांची हुशारी. कसं वाटलं म्हटलं की मी पानभर रडगाणं लिहिणार. काय झालं म्हटलं की लिहावं लागायचं, ‘आजींनी पेन मागितलं. दिलं.’ एकदा मी सकाळी लिहिलं, आज सगळे हसणार. संध्याकाळी साहेबांनी हिशेब मागितला : ‘किती हसले?’ एकही नाही. पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं, त्यांच्या उपचारातही हेच असतं. जी गोष्ट टाळतो तिच्याकडे लहान लहान टप्प्यांनी जायचं आणि मनातलं भाकीत खरं ठरलं का ते तपासायचं. गरजेप्रमाणे गोळ्याही असतात. साहेबांनी यातलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. रंगरुटाला दोरावर कसं चढवायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

पण याच मेसेजनं घोटाळाही केला, आणि सावध करायचंय ते याबद्दल. महिनाभरात मला मोबाइलची इतकी सवय लागली की खातं कोणत्या स्क्रीनवर उघडतं असली अडचण आली तरी मी शेजारच्या टेबलावर न विचारता पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन साहेबांना मेसेज करायचो. त्यांना बँकेतलं काय कळणार? तरी उत्तराची वाट बघत मी मागच्या खोलीत उभा, आणि बाहेर रांग. ज्या माणसांत मिसळण्यासाठी मेसेज होते, त्याच माणसांपासून लपायला मला जागा मिळाली होती. साहेबांच्या ते ध्यानात आलं. एक ओळ आली : ‘दहा ते पाच सेट बंद. शेजारच्या मॅडमना विचार.’ त्यानंतर बँकेच्या वेळेत त्यांनी कधीच उत्तर दिलं नाही. मला राग आला. पण मॅडमना विचारलं. त्यांनी मान वर न करता स्क्रीनवर बोट ठेवलं, ‘इथे’ म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. एवढ्यासाठी मी मागच्या खोलीत लपत होतो.

अशा छोट्या मेसेजनं माणसाला आधार मिळतो का, याचा परदेशात बराच अभ्यास झालाय. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, इस्पितळातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं छोटी पत्रं पाठवली. आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, एवढाच मजकूर. मागणी काहीच नाही. पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. त्याच धर्तीवर अमेरिकेत आत्महत्येचे विचार येणाऱ्या ६५८ सैनिकांवर मोबाइल मेसेजचा प्रयोग झाला. वर्षभरात ११ मेसेज. त्याचा अहवाल २०१९ साली आला. मुख्य मोजमापांत फरक दिसला नाही, पण मेसेज मिळणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. म्हणजे मेसेज ही जादू नाही आणि कुचकामीही नाही. माझ्या अनुभवानं यात एक भर घालतो : ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्याकडे मेसेजनं काही मागू नये, ज्याला कामावर परतायचंय त्याच्याकडे मात्र थोडंसं मागावंच. नुसतं ‘काळजी घे’ वाचून कुणी काउंटर उघडत नाही.

तेव्हा धीर देणाऱ्यांनो, वेळ ठरवून लिहा आणि ती पाळा. उत्तर एका शब्दात देता येईल असं विचारा. उत्तर आलं नाही तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा लिहा. ‘एवढंही जमत नाही का’ हे वाक्य कधीच नको. तीन-चार महिन्यांनी मेसेज विरळ करत न्या. साहेबांनी ते रोजचे आठवड्यावर आणले. ज्याला लिहिता त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या शाखेत किंवा घरी काही कळवू नका.

याला अपवाद एकच. जगण्यात अर्थ नाही, घरच्यांना ओझं झालोय, अशा अर्थाचं काही आलं तर टाइप करत बसू नका. फोन करा, घरच्यांना उठवा, जवळच्या माणसाला त्याच्याकडे धाडा. अमेरिकेत माजी सैनिकांना अशा वेळी मेसेज पाठवायलाही नंबर आहे. आपल्याकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सैन्यदलातल्या लोकांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. या नंबरवर बोलावं मात्र लागतं. ज्याला फोनचीच भीती, त्यानं पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून घ्यावीत आणि वाचून दाखवावीत. मी तसंच केलं होतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

तुमच्याही बॅचच्या ग्रुपमध्ये एकजण असेल, जो पूर्वी भरपूर लिहायचा आणि नोकरी लागल्यापासून नुसता अंगठा दाखवतो. उद्या सकाळी, तो घराबाहेर पडायच्या वेळेला, त्याला एकट्याला विचारा : निघालास का?